पासबुक नसलेली बँक : मत्स्यव्यवसाय खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, मत्स्यव्यवसाय विभाग, भारत सरकार
कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग

विषय : आंग्रिया बँक आणि सिंधुदुर्गातील खडपांवरच्या (पाण्याखालच्या खडकांवरच्या) मासेमारीचे नियम ठरवण्याआधी तिथल्या माशांचं संगणकी प्रारूप तयार करून ते लोकांपुढे ठेवण्याबाबत

सादर नमस्कार.

पत्र एक आणि पत्ते तीन, याचं कारण आधी सांगते. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात एक बुडालेलं पठार आहे. चाळीसेक किलोमीटर लांब, पंधराच्या आसपास रुंद. भोवती समुद्र खोल उतरत जातो आणि मधे हे पठार पाण्याच्या पृष्ठभागापासून वीसेक मीटरपर्यंत वर आलेलं. उजेड तिथपर्यंत पोचतो, म्हणून प्रवाळ आहे, आणि प्रवाळ आहे म्हणून मासा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर संपतो, त्यामुळे हे पठार केंद्राच्या पाण्यात येतं. त्यावरचा मासा पकडणारे, विकणारे आणि खाणारे मात्र राज्याच्या किनाऱ्यावर राहतात. आजवर एका दाराशी गेलं की दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं गेलं आहे. दाखवलेल्या बोटातून समुद्रात जाता येत नाही, म्हणून तिघांना एकत्र लिहिते आहे.

माझी ओळख : मी पुण्यात विमा कंपनीत मर्त्यतेचे तक्ते करते. कोणत्या वयाची किती माणसं येत्या वर्षात जातील, या अंदाजावर माझा पगार निघतो. मूळची मालवणची. वडील गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचे, आई बाजारात मासे विकायची. गुडघे दुखायला लागले तेव्हा तिने टोपली ठेवली. तिच्या उधारीच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यांच्याकडे पुढे येते.

आपल्याकडे मासेमारीसाठी संगणक वापरला जात नाही असं नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघते, आणि संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना काढते : अमुक बंदरापासून इतकं अंतर, ही दिशा, इतकी खोली. बांगडा, तारली, कुपा यांच्यासारख्या फिरत्या माशांसाठी ती उपयोगी आहे, डिझेल वाचतं, याबद्दल मला तक्रार नाही. पण एकदा सुट्टीत घरी असताना चुलतभावाच्या फोनवर ती सूचना आली आणि माझ्या लक्षात आलं की मासा कुठे आहे हे सांगायला सरकारकडे गणित आहे, मागे किती ठेवायचा हे सांगायला नाही. निदान खडपावरच्या माशासाठी तरी आमच्यापर्यंत ते कधी पोचलेलं नाही.

आणि आता नेमकी त्याचीच गरज पडणार आहे. २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने आंग्रिया बँकेला संरक्षणाचा विशेष दर्जा मिळावा म्हणून प्रस्ताव पुढे पाठवायचं ठरवलं. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे राज्याच्या हद्दीपलीकडच्या केंद्राच्या पाण्यातल्या, मासेमारीचे नियम काढले. त्यांत यांत्रिक नौकांना प्रवेश-पास आहे, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई आहे, मच्छीमार सहकारी संस्थांना खोल समुद्रात जायला प्राधान्य आहे आणि मत्स्यव्यवस्थापनाचे आराखडे करण्याची गोष्टही आहे. म्हणजे एक कागद म्हणतो जपा आणि दुसरा म्हणतो जा. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असू शकतात. फक्त किती जपायचं आणि किती जायचं हा आकडा दोन्हींत नाही. नावात बँक असून हिच्या खात्यात किती आहे हे कोणाला माहीत नाही. (हा विनोद आमच्याकडे जुना झाला, पण पासबुक अजून आलेलं नाही.)

प्रारूप, मॉडेल, म्हणजे काय ते आपल्या तज्ज्ञांना मी सांगायला नको. पण हे पत्र खुलं आहे, बंदरावर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवेल अशी आशा आहे, म्हणून थोडं सांगते.

समजा एका खडपावर जास्तीत जास्त १,००० टन मासा राहू शकतो. भरलेल्या खडपावर वाढ होत नाही, कारण जागा आणि खाणं संपलेलं असतं. अगदी रिकाम्या खडपावरही वाढ थोडीच, कारण अंडी घालणारे उरलेले नसतात. मधे कुठेतरी, निम्म्यावर, वाढ सगळ्यांत जास्त असते. समजा तिथे ती वर्षाला ५० टन आहे. आता आपण दर वर्षी ६० टन मासा काढतो असं धरा. फक्त दहा टन जास्त. सगळे आकडे कल्पित आहेत, मी ते रविवारी दुपारी घरच्या संगणकावर एका साध्या तक्त्यात घातले. पहिल्या पंचवीस वर्षांत खडपावरचा मासा १,००० वरून ५०० टनांवर येतो. मधे तर तो खूप वेळ रेंगाळतो, ६०० वरून ४०० वर यायला त्याला जवळजवळ एकोणीस वर्षं लागतात. एवढ्या काळात माणसाचा मुलगा नावेचा तांडेल होतो. आणि मग उतार लागतो. शेवटचे २०० टन पाच-सहा वर्षांत जातात, पन्नाशी ओलांडता ओलांडता खडप मोकळं. या सगळ्या काळात बाजारात काय दिसतं? दर वर्षी ६० टन. पहिल्या वर्षी ६०, पंचविसाव्या वर्षी ६०, पंचेचाळिसाव्या वर्षीही ६०. बंदरावर उतरलेल्या माशाचं वजन लिहिणारा कारकून शेवटपर्यंत प्रामाणिकपणे ‘स्थिर’ असंच लिहील.

एवढ्यासाठी प्रारूप हवं. जे बाजारात दिसत नाही ते समुद्रात चाललेलं असतं, आणि ते दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

खडपावरच्या माशाचं गणित बांगड्यासारखं नसतं, हे त्याहून महत्त्वाचं. बांगडा लवकर वाढतो, लवकर वितो, एका मोसमात गेला तर पुढच्या मोसमात परत येऊ शकतो. आमचा गोबरा (मुंबईकडे त्यालाच हेकरू म्हणतात) आपल्या कपारीत वर्षानुवर्षं राहतो आणि सावकाश मोठा होतो. गोबऱ्याच्या बहुतेक जाती जन्मतात मादी म्हणून, आणि मोठ्या झाल्यावर त्यांतल्या काही नर होतात. माझ्या कामाच्या तक्त्यात बायका आणि पुरुष असे दोन वेगळे स्तंभ असतात, आणि मेल्याखेरीज कोणी त्यातून बाहेर पडत नाही. गोबरा मधेच स्तंभ बदलतो! आपण हॉटेलांसाठी निवडून मोठेच मासे काढले की नकळत नरच काढतो, आणि खाली माद्या भरपूर असूनही अंडी वांझ जायची वेळ येते. तांबोशाची गोष्ट वेगळी, तरी तितकीच डोळे उघडणारी. अमेरिकेच्या बाजूच्या तांबड्या स्नॅपरचा, म्हणजे त्याच कुळातल्या माशाचा, एक प्रसिद्ध हिशेब आहे : ६१ सेंटिमीटरची एक मादी जितकी अंडी घालते, तितकी घालायला ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्या लागतात. वजनकाट्यावर हे कधी कळणार नाही. काट्याला दहा किलो म्हणजे दहा किलो.

शिवाय यांतले कित्येक मासे ठरावीक अमावास्या-पौर्णिमेला ठरावीक जागी विणीसाठी गोळा होतात. लक्षद्वीपमध्ये बित्रा बेटाजवळ गोबऱ्याचा असा मेळा अभ्यासकांनी नोंदवला आहे. जागा ज्याला कळली त्याला एका रात्रीत नाव भरता येते, आणि नाव भरली म्हणजे मासा भरपूर आहे असंच वाटतं. खरं तर आजूबाजूच्या पाच-पन्नास मैलांतला सगळा मासा त्या एका रात्री तिथे आलेला असतो.

रिकामं झालेलं खडप परत भरायला किती लागतं? जगभरातल्या ८३२ प्रवाळभित्तींच्या मोजणीवर बेतलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मासेमारी नसलेल्या भित्तीवर हेक्टरी साधारण १,००० किलो मासा असतो असं त्यात निघालं. मासेमारी होणाऱ्या दहातल्या आठांहून जास्त भित्तींवर निम्म्याहून अधिक मासा गेलेला होता. पूर्ण थांबवलं तर भरून यायला सरासरी ३५ वर्षं. साहेब, पस्तीस वर्षं म्हणजे आपल्या नोकरीची सगळी कारकीर्द.

आता ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देते, कारण या पत्रात मी जे मागते आहे ते तिथे झालेलं आहे. ग्रेट बॅरियर रीफवर कोरल ट्राउट नावाचा मासा गळाने पकडतात, गोबऱ्याच्याच घराण्यातला. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने आणि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मिळून तीन हजारांहून अधिक प्रवाळभित्ती संगणकात उतरवल्या. प्रत्येक भित्तीवर मासे जन्मतात, वाढतात, लिंग बदलतात, मरतात, त्यांची पिल्लं प्रवाहाबरोबर दुसऱ्या भित्तीवर जातात. महत्त्वाचं म्हणजे त्या आभासी समुद्रात नावाही आहेत. कुठे मासा जास्त, बंदर किती लांब, हे बघून त्या आपली जागा बदलतात. मग शास्त्रज्ञांनी व्यवस्थापक आणि मच्छीमार यांना विचारलं की तुम्हाला काय काय करून बघायचं आहे : इतका भाग बंद, इतक्या नावा कमी, इतका किमान आकार. प्रत्येक नियम त्या आभासी समुद्रात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी चालवून बघितला.

माझ्या धंद्यात आम्ही हेच करतो. नवी पॉलिसी बाजारात आणण्याआधी ती हजार कल्पित भविष्यांतून चालवतो. साथ आली तर? व्याजदर पडला तर? आमचा मृत्युदराचा अंदाजच चुकीचा असेल तर? हजारातल्या बहुतेक भविष्यांत जी तग धरते ती पॉलिसी विकायला जाते. कोणतं भविष्य खरं ठरेल ते आम्हाला माहीत नसतं आणि ते माहीत असण्याचा आव आम्ही आणत नाही. माशांच्या बाबतीतही ‘आंग्रियावर नेमका किती मासा आहे’ या प्रश्नाला एक आकडा मागू नका, तो मिळणार नाही. आमचा अंदाज निम्म्याने चुकला तरी कोणता नियम चालेल, हा प्रश्न विचारा. त्याचं उत्तर मिळतं.

नावांची हालचाल प्रारूपात असणं किती गरजेचं आहे ते सिंधुदुर्गात कोणीही सांगेल. एक जागा बंद केली की तिथल्या नावा घरी बसत नाहीत. आंग्रिया बंद झाली तर तिथे जाणारे कुठे येतील? मालवण-देवगडच्या खडपांवर, जिथे आधीच परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर आणि आमचे गिलनेटवाले (पाण्यात उभी जाळी लावणारे) यांची रात्रीची पळापळ चालू आहे. बंद जागेतला मासा वाढेल आणि उघड्या जागेतला संपेल. नकाशावर हिरवा रंग दिसेल आणि रापणीत, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, काही येणार नाही. हा परिणाम आधी कागदावर बघता येतो. तो न बघता रेघ मारणं ही चैन आता परवडणारी नाही.

प्रारूपातून निघणारी गोष्ट शेवटी नावेवर वापरता आली पाहिजे, हेही आलंच. कॅरिबियन समुद्रात पोपटमासा प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो. १९८३-८४ मध्ये तिथले लांब काट्यांचे अर्चिन, शेवाळ खाणारे दुसरे समुद्री जीव, रोगाने मेले, तेव्हापासून शेवाळ आवरण्याचा सगळा भार या माशावर आला. तो जास्त पकडला तर प्रवाळ शेवाळाखाली गुदमरतं. किती पकडला तर चालेल? तिथल्या प्रारूपकारांनी सगळी गुंतागुंत सोडवून जे उत्तर दिलं ते एका ओळीचं होतं : पकडण्याजोग्या माशाच्या दहा टक्क्यांहून कमी काढा, आणि ३० सेंटिमीटरपेक्षा लहान काढू नका. यातला दुसरा भाग तपासायला एक पट्टी पुरते. २०२३ मध्ये आपल्या राज्याने ५४ जातींचे किमान कायदेशीर आकार ठरवले, ते याच वळणाचं पाऊल आहे आणि चांगलं आहे. पण किमान आकार लहान माशाला वाचवतो. गोबऱ्यासारख्या जातीत मोठ्यालाही वाचवावं लागतं. कुठल्या मापापासून कुठल्या मापापर्यंत पकडायचं, हे आपल्याच पाण्यातल्या माशावर बेतलेल्या प्रारूपाशिवाय ठरणार नाही.

इतकं कौतुक केल्यावर प्रारूपाने केलेला घातही सांगायला हवा, नाहीतर हे पत्र जाहिरात होईल. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉड माशाचं मोजमाप वर्षानुवर्षं गणिताने होत होतं आणि सरकार त्यावर कोटा ठरवत होतं. गणिताचा मोठा आधार होता खोल समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरना मिळणारी पकड. किनाऱ्यालगत छोट्या नावा चालवणारे ओरडून सांगत होते की मासा लहान होतोय, कमी होतोय. ट्रॉलरांना मात्र मिळत होता, कारण उरलेला मासा जिथे गोळा व्हायचा तिथे ते शोधून जायचे. छोट्या माणसाचं म्हणणं किस्सा ठरलं आणि मोठ्या जहाजाची नोंद पुरावा ठरली. २ जुलै १९९२ ला सरकारला मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांवर लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती, ती उठायला २०२४ उजाडलं.

गणित तिथे चुकलं नव्हतं. गणितात कोणाचा मासा मोजला, ते चुकलं होतं.

म्हणून माझी खरी मागणी संगणकाची नाहीच, संगणक स्वस्त झालेत. मागणी आहे ती त्यात काय भरलं जाईल याची. मध्यंतरी एका कार्यालयात मी खडपावरच्या माशांच्या जुन्या नोंदी मागितल्या. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, असं करत जो तक्ता हाती आला त्यात सगळ्यांत लठ्ठ रकाना ‘इतर’ या नावाचा होता. गोबरा इतरमध्ये, पोपटमासा इतरमध्ये. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथल्या माणसाने चहा पाजला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की बाई, माणसं दोन आणि बंदरं किती ते तुम्हीच बघा. पण ‘इतर’ या जातीच्या माशाचं प्रारूप जगातला कोणताही संगणक करू शकत नाही.

मग नोंदी नाहीत म्हणून थांबायचं का? नाही, आणि इथे माझा धंदा कामाला येतो. १६९३ मध्ये एडमंड हॅलीने, तोच धूमकेतूवाला, ब्रेस्लाऊ शहरातल्या मृत्यूंच्या नोंदींवरून पहिल्या चांगल्या मर्त्यता-तक्त्यांपैकी एक तयार केला. जिवंत माणसं किती ते त्याने घरोघर जाऊन मोजलं नव्हतं. कोणत्या वयाचे किती मेले यावरून त्याने जिवंतांचं चित्र काढलं. मासळीबाजार म्हणजे तरी दुसरं काय आहे? रोज सकाळी मेलेल्यांची यादी ओट्यावर मांडलेली असते. माशाचं वय चटकन कळत नाही पण लांबी कळते. कोणत्या लांबीचे किती आले, ती जात किती लांबीला विण्याजोगी होते आणि जास्तीत जास्त किती वाढते, एवढ्यावरून एक अंदाज बांधता येतो : मासेमारी नसती तर एका मादीने आयुष्यात जितकी अंडी घातली असती, त्यातली किती घालायची संधी आज तिला मिळते. शंभरातली वीसदेखील नसतील तर धोका आहे, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

प्रशांत महासागरातल्या पलाऊमध्ये खडपावरच्या ११ जातींचा असा अभ्यास झाला. मापं कोणी घेतली? तिथल्याच मच्छीमारांनी. बहुतेक पकड धड न वाढलेल्या माशांची आहे हे त्यांच्याच पट्टीने त्यांना दाखवलं. बाहेरून आलेल्या कोणी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.

आता वह्या. आईच्या वह्या टोपलीतल्या मालाच्या नाहीत, उधारीच्या आहेत. कोणी काय नेलं, किती देणं लागतो. हिशेब दोन प्रकारांनी लिहिलेला आहे : मोठा मासा ‘नग’ म्हणून, लहान मासा ‘वाटा’ म्हणून, म्हणजे ढिगाने. नव्वदच्या दशकातल्या वह्यांत गोबरा नगावर आहे. ‘अमक्याकडे गोबरा १, अर्धा देणं.’ पुढे काही वर्षं दोन्ही मिसळून येतं. शेवटच्या वह्यांत गोबरा बहुतेक वाट्यावर आहे. तिला मी हे दाखवलं तेव्हा ती चष्मा न लावताच म्हणाली, “ह्या माका बघूक कित्याक होया? आधी एक गोबरो चार घरांक पुरायचो, आता चार गोबरे एका घराक पुरनत नाय.”

हा पुरावा आहे. ढोबळ आहे, त्यात उणिवा आहेत, गिऱ्हाइकं बदलली असतील, भाव बदलले असतील, हे सगळं मी माझ्याच आईला ऐकवून झालेलं आहे. पण मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला, रत्नागिरी इथल्या किती घरांत अशा वह्या असतील? लिलावदारांच्या, सोसायट्यांच्या, बर्फ देणाऱ्यांच्या? कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था बंदरांवर नमुने घेऊन पकडीचे अंदाज काढते, ते काम शास्त्रशुद्ध आणि मोलाचं आहे. त्याच्या शेजारी या वह्या ठेवल्या तर खडपावरच्या माशाचा गेल्या तीस वर्षांचा उतार, आकडा नाही तरी आकार, दिसू शकेल. आणि पुढच्यासाठी बाजारात बसणाऱ्या बायकांच्या हातात मोजपट्टीची फळी द्या. फुकट नको, नोंदीमागे मोबदला द्या. दिवसाला पन्नास मासे त्यांच्या हाताखालून जातात. खाली काय आहे ते बघायला तारकर्लीच्या स्कूबा संस्थेत तयार झालेली आमचीच पोरं आहेत. पर्यटकांना मासे दाखवणाऱ्याला मासे मोजायला शिकवणं कठीण नाही.

एक अडचण आपल्याला माहीतच आहे. आमच्याकडे ‘अभ्यास’ म्हटलं की लोक दार लावून घेतात. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड पोटात घेऊन. त्याला झालेला विरोध अजून निवलेला नाही. नकाशा कोणी, कुठे बसून, कशाच्या आधारावर काढला, हे ज्यांच्या दारात तो पडला त्यांना आपलं वाटलं नाही. आता संगणकातून नकाशा आला तर ‘मशीनने सांगितलंय’ हे नवं कारण मिळेल, एवढाच फरक पडेल. सरकारी बैठकीत पडद्यावर रंगीत आलेख आला की प्रश्न विचारणं थांबतं, हे मी माझ्या कंपनीतही बघते. म्हणून प्रारूपाची गृहीतं आधी लोकांपुढे यायला हवीत, निष्कर्ष नंतर. गोबरा कितव्या वर्षी वितो असं धरलं? आंग्रियाची पिल्लं किनाऱ्याच्या खडपांवर येतात असं धरलं की नाही? चोरटी मासेमारी किती धरली? पावसाळी बंदीतही ती शून्य नसते हे बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल. ही गृहीतं मराठीत छापून सोसायटीच्या फळ्यावर लावा, आणि ती ठरवायला बसाल तेव्हा गरवणारे, गिलनेटवाले, रापणकर, ट्रॉलरवाले आणि बाजारातल्या बाया समोर असू द्या. त्यांच्यात एकमत होणार नाही. होऊ नयेच. ज्या गृहीतावर भांडण होईल ते दोन्ही बाजूंनी चालवून बघायचं, प्रारूपाचा तोच तर फायदा आहे.

आणि मादीला मिळणाऱ्या अंड्यांच्या संधीचा तो आकडा खाली आला तर काय करणार, हे आकडा येण्याआधी लिहून ठेवा. वीस टक्क्यांखाली गेला तर विणीच्या महिन्यात गोबरा बंद, दहाखाली गेला तर वर्षभर बंद, परत वर आला तर इतक्या दिवसांत उघडणार, असं. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले, खरे आपण एकत्र बसून ठरवू. पण उघडण्याची अट लिहिलेली नसेल तर बंद करायला कोणी होकार देणार नाही, कारण तात्पुरत्या बंद्यांचा आमचा अनुभव कॅनडाइतका मोठा नसला तरी आहे.

पाणी तापतंय, हेही त्यात येऊ द्या. लक्षद्वीपच्या प्रवाळाने १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे तडाखे खाल्ले, २०२४ मध्ये पुन्हा एक. दोन तडाख्यांमधलं अंतर कमी होत गेलं तर खडप माशाला पूर्वीइतका आसरा देणार नाही, आणि कालच्या समुद्रावर बेतलेला कोटा उद्याच्या समुद्राला जड जाईल. दर तीन वर्षांनी प्रारूप पुन्हा चालवण्याची तरतूद पहिल्याच आदेशात असली तर बरं. एकदा अहवाल झाला की तो कपाटात जातो, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे.

मी गणिताच्या बाजूने विनामोबदला जितका वेळ देता येईल तितका द्यायला तयार आहे. माझ्यासारखे किनाऱ्यावरून उठून पुण्या-मुंबईच्या, बंगळूरच्या संगणकांपुढे जाऊन बसलेले कोळ्या-गाबितांचे मुलगे-मुली पुष्कळ आहेत, हाक मारली तर येतील.

वह्या एकूण सव्वीस आहेत. त्यातली एक उंदराने कुरतडलेली आहे. नेल्या तर पोच द्यावी, एवढंच आईचं म्हणणं आहे. आणि उधारी कोणाकडे राहिली ती नावं कोणी वाचू नयेत. त्यातले काही जण अजून बाजारात भेटतात, आणि ती अजून आशा धरून आहे.

आपली,
मालवणच्या एका मासे विकणारीची मुलगी
सध्या मुक्काम पुणे